गेम तोच, पण गाणी कुठे गेली? जुनी सीडी आणि डिजिटल आवृत्ती यांच्यात नक्की काय बदलतं

सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, नाहीतर मोठा भाऊ कॉम्प्युटरवरून कधी उठतोय याची वाट बघून तुम्ही 'जीटीए व्हाइस सिटी' खेळला असाल, तर पुढचा प्रसंग तुमच्यासोबतही घडू शकतो.

खूप वर्षांनी आठवण येते. या वेळी रीतसर पैसे देऊन तुम्ही लॅपटॉपवर गेम डाउनलोड करता. निळा शर्ट घातलेला टॉमी व्हर्सेटी तोच असतो, समुद्रकिनाराही तोच. 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की मागे लागलेले पोलीस अजूनही गायब होतात. तुम्ही गाडीत बसता, रेडिओ लावता, एकेक स्टेशन फिरवत राहता. पण मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' काही केल्या लागत नाही.

तुमची आठवण चुकत नाहीये. ते गाणं गेममध्ये होतं. आता नाही.

जुने गेम्स नव्यानं डिजिटल स्वरूपात विकले जातात तेव्हा नाव तेच असतं, कव्हरवरचं चित्रही बऱ्याचदा तेच असतं. आतला माल मात्र तोच असेल याची खात्री नसते. हे का होतं, काय काय बदलतं आणि जुना गेम विकत घेताना आपण काय बघायला हवं, ते समजून घेऊ.

सीडी म्हणजे गोठलेला गेम

व्हाइस सिटी आधी ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि मे २००३ मध्ये पीसीवर. पीसीच्या बॉक्समध्ये दोन सीडी होत्या. एक गेम इन्स्टॉल करायला, दुसरी खेळताना ड्राइव्हमध्ये ठेवायला. सोबत शहराचा नकाशा आणि पर्यटकांसाठी छापतात तशा थाटाची माहितीपुस्तिका.

कारखान्यात सीडी तयार झाली की तिच्यातला मजकूर कुणालाही बदलता येत नाही. कंपनीलाही नाही. त्यात चुका असतील तर त्याही तशाच राहतात आणि गाणी असतील तर तीही तशीच राहतात.

डिजिटल गेमचं उलट आहे. मूळ फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तुमच्याकडे तिची प्रत येते. कंपनीनं तिकडे बदल केला की 'अपडेट' या नावाखाली तो तुमच्या कॉम्प्युटरवरही पोहोचतो. चुका दुरुस्त होतात हा त्याचा मोठा फायदा. पण ज्या दारानं दुरुस्ती आत येते, त्याच दारानं काही गोष्टी बाहेरही जातात.

थोडक्यात, सीडीवरचा गेम बदलत नाही, पण आजच्या कॉम्प्युटरवर तो चालेलच असं नाही. डिजिटल गेम चालतो, पण तो उद्याही असाच राहील असं नाही. बाकीची सगळी गोष्ट या दोन वाक्यांभोवती फिरते.

गाणी का जातात?

तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेल्या एखाद्या जुन्या रीलचा आवाज अचानक बंद झाल्याचं कधी पाहिलंय? व्हिडिओ तुमचा असतो, पण गाणं तुमचं नसतं. गाण्याच्या हक्कांचा करार संपला की आवाज जातो.

गेम्सचं तसंच आहे. व्हाइस सिटीची गोष्ट १९८६ सालात घडते. त्यामुळे रेडिओवर त्या काळातली खरी, गाजलेली गाणी होती. ती वापरायला रेकॉर्ड कंपन्यांकडून परवानगी घ्यावी लागते, आणि अशी परवानगी बऱ्याचदा ठरावीक वर्षांपुरती असते. मुदतीत विकलेल्या सीडी लोकांच्या घरात गेल्या, त्या कुणी परत मागवत नाही. पण मुदत संपल्यावर नवी प्रत विकायची, तर करार पुन्हा करायला हवा. नाहीतर गाणं काढायला हवं.

२०१२ च्या अखेरीस व्हाइस सिटी काही काळ स्टीम या ऑनलाइन दुकानातून गायब झाला होता. कारण होतं मायकल जॅक्सनचंच दुसरं गाणं, 'वॉना बी स्टार्टिन समथिन'. गेम परत आला तो काही गाणी वगळून. ऑझी ऑस्बॉर्नचं 'बार्क ॲट द मून'ही नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांमध्ये सापडत नाही.

२०१४ मध्ये 'सॅन अँड्रियास'च्या स्टीम आवृत्तीतून डझनाहून जास्त गाणी गेली. त्याच बदलामुळे लोकांच्या जुन्या सेव्ह फाइलही चालेनाशा झाल्या. म्हणजे अर्ध्यापर्यंत खेळून ठेवलेला गेम पुन्हा पहिल्यापासून.

पण सगळ्यात जास्त लक्षात ठेवण्यासारखा प्रसंग २०१८ चा आहे. 'जीटीए ४' येऊन दहा वर्षं होत होती आणि गाण्यांचे करार संपत होते. रॉकस्टार कंपनीनं एप्रिलमध्ये अपडेट पाठवून बरीच गाणी काढली. रशियन गाण्यांचं 'व्लादिव्होस्टॉक एफएम' हे स्टेशन तर जवळपास नव्यानंच भरलं गेलं. इथे प्रश्न फक्त नव्या गिऱ्हाइकांचा नव्हता. ज्यांनी आधीच पैसे देऊन गेम घेतला होता, त्यांच्याही कॉम्प्युटरवरून गाणी गेली.

क्वेकचं संगीत सीडीतच राहिलं

दर वेळी कारण कायदाच असतं असं नाही. कधी कधी तंत्राची अडचण असते.

१९९६ चा 'क्वेक' घ्या. त्याचं भीतीदायक संगीत 'नाइन इंच नेल्स'च्या ट्रेंट रेझ्नॉरनं केलं होतं. त्या काळी गेमची सीडी दोन कामं करायची. पहिल्या ट्रॅकवर गेमचा डेटा आणि पुढच्या ट्रॅकवर नेहमीच्या ऑडिओ सीडीसारखं संगीत. ती सीडी म्युझिक प्लेयरमध्ये घातली तरी संगीत वाजायचं. खेळताना गेम सीडी ड्राइव्हला सांगायचा, 'आता अमुक ट्रॅक लाव.'

पुढे स्टीमवर क्वेक आला तेव्हा डेटा आला, ऑडिओ ट्रॅक आले नाहीत. गेम ज्या सीडीला हाक मारत होता, ती सीडीच ड्राइव्हमध्ये नव्हती. कित्येकांनी पैसे देऊन शांत क्वेक खेळला. त्यांना वाटलं, हा गेम असाच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा संगीत अधिकृतपणे परत आलं.

मग जुनी सीडीच बरी की!

इतकं वाचून कपाटातली जुनी सीडी शोधायला उठला असाल, तर जरा थांबा.

२००० च्या आसपासच्या बऱ्याच गेम्सच्या सीडीवर एक कुलूप असायचं. मॅक्रोव्हिजन कंपनीचं 'सेफडिस्क' हे त्यातलं एक प्रसिद्ध नाव, आणि व्हाइस सिटीच्या पीसी सीडीवर तेच होतं. अस्सल सीडीवर काही भाग मुद्दाम असे बनवलेले असत की घरच्या सीडी रायटरला त्यांची नीट नक्कल करता येऊ नये. गेम सुरू होताना ते भाग तपासले जात. मिळाले तर गेम सुरू, नाहीतर 'योग्य डिस्क टाका' असा निरोप.

ही तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसायचा. तिथे खोट असली तर हॅकरला सगळा कॉम्प्युटर मोकळा. म्हणून २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टनं त्याला बाहेरच ठेवलं. त्याच वर्षी जुन्या विंडोजमध्येही सुरक्षा अपडेट देऊन तो बंद केला.

परिणाम असा की तुमच्याकडे खरी, पैसे देऊन घेतलेली, ओरखडाही नसलेली सीडी आहे आणि तरी गेम सुरू होत नाही. चोरांसाठी लावलेलं कुलूप घरमालकालाच बाहेर ठेवतंय.

त्यात नव्या लॅपटॉपला बहुतेक वेळा सीडी ड्राइव्हच नसतो. शिवाय सीडी अमर नसते. दमट हवा, ओरखडे, आतल्या चकचकीत थराची झीज यांनी ती हळूहळू वाचता येईनाशी होते.

वेगाचीही भानगड आहे. जुने काही गेम्स त्या काळच्या कॉम्प्युटरचा वेग गृहीत धरून लिहिलेले असत. आजच्या मशीनवर ते भलत्याच वेगानं पळतात, नाहीतर गाड्या आणि माणसं विचित्र वागतात. चांगल्या डिजिटल आवृत्तीत ही दुरुस्ती आधीच केलेली असते. डॉसच्या काळातले गेम्स 'डॉसबॉक्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसवून देतात. तो आजच्या मशीनमध्ये जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. बसल्या बसल्या दोन मिनिटांत गेम चालू होणं ही छोटी गोष्ट नाही.

कुलूप काढायला कोण आलं?

डिजिटल विक्रीसाठी सीडीचं कुलूप काढणं भागच होतं, कारण डाउनलोड करणाऱ्याकडे सीडी कुठून येणार? इथून मोठी गंमत सुरू होते.

२००८ मध्ये युबीसॉफ्टनं 'रेनबो सिक्स व्हेगास २' साठी एक अपडेट दिलं. त्यानंतर डाउनलोड करून गेम घेतलेल्यांकडेही गेम डिस्क मागू लागला. मग कंपनीनं त्यावर उपाय म्हणून एक फाइल दिली. लोकांनी ती उघडून तपासली तर ती 'रीलोडेड' या पायरसी गटानं बनवलेला क्रॅक निघाली. ज्यांच्याविरुद्ध कुलूप लावलं, त्यांचीच किल्ली कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना देत होती.

२०१० मध्ये 'मॅक्स पेन २' च्या स्टीम आवृत्तीत अशाच एका गटाचं अक्षरांनी काढलेलं बोधचिन्ह सापडलं. 

'मॅनहंट'ची गोष्ट तर आणखी वाईट. त्या गेममध्ये नकली प्रत ओळखून खेळाडूला छळणारे सापळे लपवलेले होते. स्टीम आवृत्तीत कुलूप अर्धवटच निघालं आणि गेमला वाटलं की हीच नकली प्रत आहे. उघडायला हवीत ती दारं उघडेनात. पैसे देऊन घेतलेला गेम गिऱ्हाइकालाच चोर समजत होता.

म्हणजे डिजिटल आवृत्ती कंपनीनं काळजीपूर्वक तयार केलीच असेल, असं धरून चालू नका. कधी ती नीट बांधलेली असते, कधी नुसती उचलून ठेवलेली.

'डेफिनिटिव्ह' म्हणजे चांगलं?

आतापर्यंत आपण जुनाच गेम नव्या दुकानात आला की काय होतं ते पाहिलं. रीमास्टरमध्ये चित्रंही बदलतात.

११ नोव्हेंबर २०२१ ला 'जीटीए ३', व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिन्ही गेम्सची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. त्याआधीच जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढून टाकल्या होत्या. म्हणजे निवड करायची सोयच नाही.

गेम आला आणि समाजमाध्यमांवर स्क्रीनशॉटचा पूर आला. पाऊस पांढऱ्या रेघांसारखा दिसत होता. जुन्या गेममध्ये दूरवर धुकं असायचं, त्यामुळे शहर अफाट वाटायचं. नव्या आवृत्तीत धुकं गेलं आणि शहराचं हे टोक त्या टोकावरून दिसू लागलं. एका डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये षटकोनी नट होता, बोल्टवर बसतो तो. दुकानाच्या नावावरचा तो विनोद होता. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करण्याच्या नादात नट गोल झाला आणि विनोद मेला.

काही दिवसांतच रॉकस्टारनं जाहीर माफी मागितली आणि जुन्या पीसी आवृत्त्या आपल्या दुकानात परत आणल्या. पुढे बऱ्याच दुरुस्त्याही झाल्या. पण लोक ओरडले नसते तर जुने गेम्स परत आले असते का, हा प्रश्न उरतोच.

नवी आवृत्ती कधी कधी जुन्या सीडीवाल्यालाही सोडत नाही. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड' आला. ज्यांच्याकडे २००२ चा मूळ गेम होता आणि जे तो ऑनलाइन खेळत होते, त्यांनाही नवाच प्रोग्रॅम घ्यावा लागला. सीडी घरात, ती गोठलेलीच, पण सर्व्हर कंपनीचा. जिथे सर्व्हर लागतो, तिथे सीडीची ताकद संपते.

तुम्ही विकत नक्की काय घेता?

सीडी तुम्ही मित्राला देऊ शकत होता, जुन्या बाजारात विकू शकत होता. डिजिटल दुकानात 'बाय' असं लिहिलेलं असलं तरी तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना 'हा परवाना आहे' हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमनं ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली.

सगळी दुकानं सारखी नाहीत हेही खरं. पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट कंपनीनं २००८ मध्ये जुन्या गेम्ससाठी जीओजी हे दुकान सुरू केलं. तिथे गेमवर कुलूप नसतं आणि पूर्ण इन्स्टॉलर तुमच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येतो. कागदावर तोही परवानाच आहे. पण एकदा उतरवलेली फाइल तुमच्या हातात राहते आणि इंटरनेटशिवाय चालते. सीडीचा गोठलेपणा आणि डिजिटलची सोय एकत्र हवी असेल, तर आज याच्या सगळ्यात जवळ जाता येतं.

आणि आपली 'मूळ' प्रत?

आता जरा आपल्या घरातली गोष्ट. आपल्यापैकी कितीजणांनी दोन सीडींचा तो अस्सल बॉक्स पाहिलाय? बहुतेकांच्या हाती आली ती रस्त्यावरची, मार्करनं नाव लिहिलेली सीडी, किंवा पेनड्राइव्हवरून फिरणारी 'रिप' आवृत्ती. गेमचा आकार कमी करायला रिपमध्ये सगळ्यात आधी कात्री लागायची ती आवाजावर. म्हणून कित्येकांच्या व्हाइस सिटीत रेडिओ वाजतच नव्हता आणि गोष्ट सांगणारे प्रसंग मुके होते. त्यांना आज कुणी 'बिली जीन गेलं' म्हटलं तर ते विचारतील, 'होतं कधी?'

म्हणूनच मूळ आवृत्ती कुठेतरी जपलेली असणं गरजेचं आहे. नाहीतर गेम कसा होता याचं उत्तर ज्याला जी प्रत मिळाली त्यावर ठरेल. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणजे गाणी कापलेली आवृत्ती मिळणं हीसुद्धा एका अर्थी नशिबाची गोष्ट. बाकीच्यांची तीही नाही.

जुना गेम घेण्याआधी एवढं बघा

पहिलं, नाव नीट वाचा. 'रीमास्टर', 'डेफिनिटिव्ह', 'एचडी' असे शब्द असतील तर तो मूळ गेम नाही, नवा केलेला गेम आहे. मूळ आवृत्ती सोबत मिळते का ते पाहा.

दुसरं, ज्या गोष्टीसाठी तुम्ही गेम घेताय ती त्यात आहे का ते शोधा. गाणी, मल्टिप्लेयर, एखादी खास गाडी. खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू इथे जाहिरातीपेक्षा जास्त कामाचे.

तिसरं, ऑफलाइन इन्स्टॉलर मिळत असेल तर तो लगेच उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. 'नंतर करू' म्हणू नका.

चौथं, सेव्ह फाइलची प्रत वेगळी ठेवा. अपडेट आधी विचारून येत नाही.

पाचवं, घरात अस्सल सीडी असेल तर टाकू नका. ड्राइव्ह मिळवून ती अजून वाचली जाते का ते बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार, कायदेशीर प्रत असलेल्या माणसाला ती खराब होण्याच्या भीतीनं कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करता येते. कुलूप तोडणं हा मात्र वेगळा विषय आहे, २०१२ च्या दुरुस्तीत त्यावर स्वतंत्र कलम आलंय.

आणि शेवटचं. पुढच्या वेळी जुना गेम लावल्यावर 'हे असं नव्हतं' असं वाटलं, तर लगेच स्वतःवर शंका घेऊ नका. कदाचित खरंच तसं नव्हतं.